निद्रेचा की निद्रेने

कौतिक ओट्यावर टेकला तसे पितांबर गुरुजी खुर्चीसकट मागे सरकले.

चौऱ्याऐंशी साली याच माणसाची जीप धुळे रस्त्यावर झाडाला धडकली होती. दोन म्हातारे प्रवासी गेले, आणि गुरुजींचा एकुलता एक मुलगा यादव. 'माझा डोळा लागला,' एवढंच कौतिक कोर्टात बोलला. दोन वर्षं तुरुंगात काढून आला.

आता त्याच्या लालभडक डोळ्यांत चिपडं साचली होती. अंगाला विडीचा आणि शिळ्या घामाचा वास येत होता. गुरुजींनी धोतराचा सोगा नाकाला लावला.

"काय काम आहे?"

कौतिकने मळकी चिठ्ठी पुढे केली. "वैद्यनी लिखी देयेल शे. चार वरीस झायात, माले झोप नही. याना अर्थ काय शे, गुरुजी?"

जन्मभर अमळनेरात संस्कृत शिकवलेल्या गुरुजींनी चिठ्ठीला हात न लावता लांबूनच वाचलं. जीर्ण निद्रानाश.

"जीर्ण म्हणजे जुनं, अंगात मुरलेलं. नाश हा नश् धातूवरून आला. नश् म्हणजे नाहीसं होणं. निद्रेचा नाश तो निद्रानाश."

कौतिकने मान हलवली. आतून गुरुजींच्या पत्नी द्रौपदाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कप गुरुजींसमोर न ठेवता कौतिकच्या हातात दिला. तो खाली मान घालून प्यायला. घोट उतरतानाच्या आवाजाचीसुद्धा गुरुजींना किळस आली.

"समास दुसऱ्या तऱ्हेनेही सुटतो," ते म्हणाले. "निद्रेने केलेला नाश. तीन माणसं खाऊन तू झोपेचं औषध शोधत हिंडतोस. माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस."

कौतिक काहीतरी बोलणार होता. कप खाली ठेवून तो उठला.

द्रौपदाबाई त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या.

"आज सांगीच टाकसू म्हनीसन उनू व्हतू, अक्का," तो हळूच म्हणाला. "पन जमनं नही."

द्रौपदाबाईंनी मागे वळून पाहिलं. गुरुजी तोंड फिरवून बसले होते. बाईंनी कौतिकपुढे हात जोडले.

"नको सांगूस, भाऊ. गाडी यादव चालवत होता हे कळलं, तर ते जगायचे नाहीत."