दुसरी सही

सकाळी साडेसात वाजता अकोल्यातल्या एका दवाखान्यात, नर्सिंगची विद्यार्थिनी दामिनी हिने बाळापूरच्या वच्छलाबाईंचं इन्सुलिन भरायला घेतलं.

कुपी मिलीलिटरला शंभर युनिट ताकदीची होती. हातात आलेली सिरिंज लाल टोपीची, म्हणजे चाळीसच्या इन्सुलिनसाठीची होती. तिच्यात ठरलेल्या वीसच्या रेषेपर्यंत भरलं असतं, तर अडीच पट डोस गेला असता.

"लाल ठेव, बाई. नारिंगी टोपीची घे," मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं.

"हो, सिस्टर." दामिनीने सिरिंज बदलली, मोजून वीस युनिट भरले आणि टोचले. मग आभार मानायला ती मागे वळू लागली, तर खांदा भिंतीला घासला.

"पोरी, त्या बाईच्या पाया पड," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले वाचवलं तिनं."

"कोणी, आजी?"

"काहून इचारतं वं? तुया मांगंच तं उभी हाय."

इन्सुलिनच्या तक्त्यावर दोघींच्या सह्या लागतात, देणारीची आणि तपासणारीची. तपासणारीची सही आधीच झालेली होती. इन्चार्ज सिस्टरांना ती ओळखता आली नाही. दामिनीने तिच्याखाली पेन्सिलने लिहिलं, 'आभारी आहे.'

दुपारी तिने तक्ता पुन्हा पाहिला. परवापासूनच्या सहाही दिवसांच्या ओळींत, तपासणारीच्या जागी, तीच सही आहे.

फक्त उद्याची जागा कोरी आहे. उद्या सकाळची ड्यूटी दामिनीचीच आहे.