पुसातले रोडगे

वच्छलाने एक्स-रेचं पाकीट पिशवीतून काढलं, पुन्हा आत घातलं. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतून बाबांचं, शेषराव डॉक्टरांचं, हसणं ओसरीपर्यंत आलं, मग खोकला, मग पुन्हा हसणं.

आत जायचं ते रागावतच. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तिने एवढंच घोकलं होतं. मूर्तिजापूरला मोटार थांबली तेव्हा चहा प्यायला उतरली आणि न पिताच परत चढली. बाबांचा एक्स-रे पाहून मोठे डॉक्टर म्हणाले होते, दोन महिने. भादवा चालू होता.

अकोल्यात लोक म्हणत, डॉक्टरकीला शेषरावांसारखा माणूस पाहिजे, नुसत्या हसण्याने अर्धं दुखणं पळवतो. वच्छलाबद्दल म्हणत, पोरगी डॉक्टर झाली, पण बापाचा चेहरा नाही उचलला.

मेडिकलला असताना सुट्टीत ती बाबांच्या दवाखान्यात बसायची. काही पेशंटांवर बाबा खेकसत. पथ्य का मोडलं, औषध का ओतून दिलं. काहींशी मात्र गप्पा मारत बसत, घरच्या म्हशीपर्यंत सगळी चौकशी करत, आणि उठताना स्वतःच जेवणाचं आमंत्रण मागून घेत.

"पुसात रोडगे खाले येतो तुयाकडं. वांगे वावरातलेच पायजेत."

तो माणूस हसत घरी जाई. घरचे रोडगे भाजायला गोवऱ्या राखून ठेवत.

पूस, म्हणजे पौष, दोनदा येऊन गेला. बाबा कुणाकडेच रोडगे खायला गेले नाहीत. वच्छलाने विचारलं तेव्हा ते हात धूत होते. बराच वेळ धुतच राहिले. मग म्हणाले, जो बरा होणार त्याच्यावर रागवायचं. जो होणार नाही, त्याला पुढचा एखादा महिना द्यायचा. दुसरं काय असतं आपल्याजवळ?

हसणं तिला कधी जमलं नाही. आज ते न जमणंच कामाला येणार होतं.

ती आत गेली. खाटेच्या पायथ्याशी बाबांचा जुना पेशंट, बोरगावचा जानराव बसला होता. उशीखालून बिडीबंडलाचं टोक दिसत होतं. तिने ते ओढून काढलं आणि खिडकीबाहेर फेकलं.

"लोकांना पथ्य सांगता आणि उशीखाली हे ठेवता? आजपासून बंद. सकाळ-संध्याकाळ औषध माझ्यासमोर घ्यायचं. पंधरा दिवसांनी दुसरा एक्स-रे आहे, तेव्हा कारणं सांगू नका."

आवाज कुठेच कापला नाही. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. जानरावाचा चेहरा मात्र खुलला. मलेरियात आपल्याला डॉक्टरांनी अश्शाच शिव्या घातल्या होत्या, त्याला वीस वर्षं झाली, असं त्याने सांगितलं आणि निर्धास्त होऊन तो गेला.

खोलीत दोघंच उरली. वच्छलाने पाणी भरलं. भरलेलं भांडं पुन्हा रिकामं करून भरलं. चादर ओढली, खिडकी लावली, उघडली. बाबांनी तिला हाताने खुणावून जवळ बसवलं. मोटारीत जागा मिळाली होती का, विचारलं. क्वार्टरला नळ आला का, शेजारची गंगूबाई अजून भांडते का, तिच्या सुनेला काय झालं, मुलगा की मुलगी. वच्छला उत्तरं देत राहिली. गंगूबाईची नक्कल बाबांनी इतकी हुबेहूब केली की तिला हसू आलं.

एक्स-रेचं पाकीट तिच्या मांडीवर होतं. ते त्यांनी मागितलं नाही.

ती उठायला लागली, तसा त्यांनी तिचा हात धरला. चेहरा हसराच होता.

"वच्छे, पुसात अमरावतीले येतो तुयाकडं, रोडगे खाले. वांगे ताजे पायजेत."