अडीच वर्षांची पिल्लं

"हाकललं तिने पिल्लांना," देवयानी मोबाईलच्या पडद्यावरून म्हणाली, आणि शेंगा सोलणारे शांताबाईंचे हात थांबले.

"स्वतःच्या पिल्लांना?"

"हो आई. अडीच वर्षं सोबत ठेवते, शिकार शिकवते. मग एक दिवस अंगावर धावून जाते. वेगळी झाली नाहीत तर ती आपल्या बळावर जगणार कशी?"

फोन थोरल्या ममताने धरला होता. दर रविवारी दुपारी तीच धरायची. धाकटी देवयानी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर ध्रुवीय अस्वलांचा अभ्यास करायची. गळ्यात सिग्नल देणारा पट्टा बांधलेल्या या मादीवर शांताबाईंचा भारी जीव जडला होता. तिने सील पकडलं का, बर्फ लवकर वितळला तर ती काय खाईल, अशी अस्वलं किती वर्षं जगतात, सगळं त्या विचारायच्या. पंचवीसच्या पुढे फार थोडी जातात हे ऐकून त्या दिवसभर गप्प होत्या.

ममताचा गुडघा वर्षभर दुखत होता. तो कसा आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

आईला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन ममता द्यायची आणि मग समता कॉलनीतल्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासायची. शेजारच्या रीनादीदीला मात्र फोटो दाखवले जायचे ते देवयानीचे. मागच्या वर्षी दोन महिने त्या मादीच्या पट्ट्याचा सिग्नल आला नाही. अस्वल मेलं असेल, असं देवयानी म्हणाली, तेव्हा ममताला मनातून बरं वाटलं होतं. नंतर ती स्वतःलाच घाबरली होती.

फोन बंद झाला. शांताबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या.

"काहून रडून राहिली?" ममताने विचारलं. "अस्वलासाठी? माझ्यासाठी कधी रडली तू?"

शांताबाईंनी शेंगांचं सूप पुन्हा पुढे ओढलं. ममताला आता थांबता येईना.

"प्राणिशास्त्र मीही शिकली. मार्क मला जास्त होते. पुण्याच्या विद्यापीठाचा फॉर्म मीही भरला होता, तिच्या चार वर्षं आधी. तिला प्रवेशाचं पत्र आलं, ती गेली. मला आलं असतं तर आज त्या बर्फात मी असती, आणि तू माझे फोटो दाखवले असते."

"तुलेही आलं होतं."

वर पंखा फिरत होता. ममताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तू कॉलेजात होती तेव्हा पोस्टमन देऊन गेला," शांताबाई सोललेल्या दाण्यांकडे बघत म्हणाल्या. "तुझे बाबा जाऊन सहा महिने झाले होते. देवयानी शाळेत होती. मले फार भेव वाटलं. मी ते फाडून टाकलं."

ममता उठली. खिडकीपाशी गेली आणि परत आली. वीस-बावीस वर्षांत पुण्याला तिने कितीदा शिव्या दिल्या होत्या. देवयानीला किती वेळा आशीर्वाद देताना जीभ जड झाली होती.

"मग तिचं पत्र का नाही फाडलं?" तिचा आवाज अगदी हळू निघाला. "ती तर लाडकी होती तुझी. तिला कशी जाऊ दिली?"

शांताबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"लाडकी म्हणून नाही जाऊ दिली पोरी. तिच्या वेळेस घरात तू होती."