घासलेला रुपया
राणीसावरगावच्या शाळेत रामकिशन गुरुजी मुलांना जुनी नाणी पारखायला शिकवत. पंकजाने आजीचा चारमिनार छापाचा निजामी रुपया आणला. मिनार पुसट होते. “दर दिवाळीला आजी राखेनं घासते वाटतं!” गुरुजी हसले. “न्हाई गुरुजी, कधीच घासला न्हाई.” वर्ग खदखदून हसला, पंकजा रडवेली झाली. घरी जाताना गुरुजींना आठवलं, पुसट मिनारांवरही चांदीची मूळ झळाळी होती. घासल्यावर ती उरत नाही. म्हणजे टांकसाळीतच ठसा उथळ बसला होता; पोरगी खरं बोलत होती. सकाळी माफी मागायची, असं ठरवून ते शाळेत आले. पंकजाने मूठ उघडली. रुपया पांढराफटक झाला होता, झळाळी गेली होती. “आजी म्हनली, गुरुजीला दाखव, घासलेला रुपया कसा दिसतो ते.” गुरुजींची मान खाली गेली. “पोरांनो, काल हिला हसलात. आज मला हसा.”