एकही रुग्ण नाही

आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या हौसाच्या कोळीवाड्यात घटसर्पानं मुलं दगावू लागली, तशी मी रोज माझ्या बाळाचा घसा बघू लागले. पनवेलच्या दवाखान्यात लस नव्हती. हौसाला घेऊन मी आमदारांकडे गेले. तिच्या लेकीला, शकूलाही ताप भरला होता.

"वहिनी, येत्या अधिवेशनात प्रश्न विचारतोच," ते म्हणाले.

शब्द त्यांनी पाळला. पावसाळी अधिवेशनात त्यांच्याच पासवर आम्ही दोघी विधानसभेच्या गॅलरीत बसलो होतो. मंत्री उठून म्हणाले, "आज त्या कोळीवाड्यात घटसर्पाचा एकही रुग्ण नाही." बाकं वाजली.

"धडधडीत खोटं बोलतायत," मी पुटपुटले.

हौसानं माझा हात दाबला.


"खराच हाय, ताई. माजी शकू शेवटची व्हती."