शौलाचं चिलखत

पुठ्ठ्याचं रुपेरी चिलखत दावीद झालेल्या सुवार्ताच्या गुडघ्याखाली चार बोटं उतरत होतं. आमच्या संडेस्कूलच्या नाटकात ते तसंच हवं होतं, कारण राक्षसाला घाबरलेला शौल राजा स्वतःचं चिलखत त्याच्याशी लढायला निघालेल्या लहानग्या दावीदाला घालतो.

चर्चचे सेक्रेटरी उजागरेसाहेब तालमीत येऊन उभे राहिले. "बाई, महिनाभर सांगतोय, दावीद माझा नातू होईल. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईची पोरगी चर्चमध्ये वीर म्हणून मिरवणार? उद्या तुमचा वर्गही राहायचा नाही."

महिनाभर मी 'बघू' म्हणत होते. आजही ओठांवर तेच आलं.

सुवार्तानं मान खाली घालून चिलखत काढलं आणि जमिनीवर ठेवलं. दावीदाची गोफण मात्र मुठीत तशीच राहिली.

"बघा, तुमच्यापेक्षा पोरीला अक्कल आहे," ते हसले.

मागून एक चिमुरडी म्हणाली, "बाई, दावीदपण असंच करतो ना? चिलखत नको, देव आहे म्हणतो, आणि गोफण घेऊन निघतो."

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी चिलखत उचलून साहेबांच्या हातात दिलं.

"हे नातवाला घाला. तो शौल होईल. दावीद सुवार्ताच होणार."