फिबाचा खोकला

"मग मी मरते," फिबा म्हणाली आणि कोनफळ सोलत राहिली.

क्वाकोने कपाळावर हात मारून घेतला. त्याला एका मढ्याची गरज होती आणि ते मिळत नव्हतं. एरवी जमैकातल्या त्या उसाच्या मळ्यावर गुलामाला मरायला फार निमित्त लागायचं नाही. घाणा होता, ताप होता, चाबूक तर होताच. आता नड आली तर सगळे ठणठणीत.

सोमवारी त्यांच्या नातीला, मिंबाला, जहाजावर चढवणार होते. मालकाने तिला दुसऱ्या बेटावर विकलं होतं. तिची आईही अशीच गेली होती. पुन्हा दिसली नाही.

डोंगरात पळून गेलेल्यांचं गाव होतं. मिंबाला तिथे पोचवायचं तर मयताच्या पेटीतूनच. क्वाको रमची पिंपं बनवायचा. त्याने पिंपांच्या फळ्यांतून दुहेरी तळाची खोल पेटी जुळवली होती. खाली नात, वर मढं. मढं हवंच होतं, कारण झाकण उघडून पाहिल्याशिवाय गोरा मुकादम मॅकफेल एकही पेटी पुढे सोडत नसे.

"तू मरणार?" क्वाको म्हणाला. "अगं, एक श्वास घेतेस तर दोनदा खोकतेस. आणि तो तळपायाला आरी टोचून बघतो."

"टोचू दे."

"आयुष्यात कधी गप्प पडून राहिलीस का?"

"तू राहू दिलंस का?" एवढं म्हणेपर्यंत फिबाला उबळ आली. ती ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "खोकल्याचं मी बघते. मुळ्या आणल्यात, काढा घेईन. थांबतो त्याने. तू तुझी पेटी बघ. मागच्या पिंपासारखी गळकी नको."

क्वाकोला हसू आलं. या जिभेचे चटके खात तो म्हातारा झाला होता आणि आता त्यांच्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

रविवारी दुपारी मिंबा खालच्या कप्प्यात शिरली. क्वाकोने वर फळी बसवली. फिबा आंघोळ करून, डोक्याला पांढरं फडकं बांधून पेटीत आडवी झाली.

"एवढी रुंद केलीस? मी काय म्हैस आहे?"

"मावलीस ना? मग झालं."

तिने त्याला जवळ ओढलं, त्याची वाकडी कॉलर सरळ केली आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. "जा, बायकांना रडायला बसव. त्या बेनेबाला मागे ठेव. तिला हसू आवरत नाही."

तो परत आला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि खोकला थांबला होता. काढा भलताच गुणाचा निघाला, असं त्याच्या मनात आलं.

मॅकफेल आला. त्याने झाकण उचललं आणि तिच्या तळपायात आरी खुपसली. क्वाको आभाळाकडे बघत राहिला. तिचा अंगठा हलताना बघायची त्याची छाती नव्हती. मॅकफेलने दुसऱ्या पायालाही टोचलं. मग त्याने टोपी काढली.

"बरी होती म्हातारी. खोकायची फार."

"होय साहेब," क्वाको म्हणाला आणि भीतीने त्याला रडू फुटलं. रडणं शोभून गेलं.

मळ्यावरच्या गुलामांत मयत आपल्या मर्जीने चालतं. खांदेकरी नुसते पाय देतात. कुणाशी हिशेब राहिला असेल तर पेटी त्याच्या दाराशी अडून बसते. फिबाची पेटी आधी तिची कोंबडी चोरणाऱ्याच्या दारात अडली. तो बिचारा कान धरून माफी मागेपर्यंत हलली नाही. पेटीत दोघींचं ओझं होतं, खांदेकरी खरोखरच झोकांड्या खात होते, पण मॅकफेल पोट धरून हसत होता. मसणवटीच्या तोंडाशी पेटी गर्रकन फिरली आणि डोंगराकडे निघाली.

"आता हिला कुठं जायचंय?"

"पायथ्याशी, साहेब. आमचं पहिलं पोर तिथं पुरलंय."

"अंधाराच्या आत सगळे परत पाहिजेत," म्हणत मॅकफेल आपल्या रमकडे वळला. परत कोणीच येणार नव्हतं, खांदेकरीसुद्धा.

ऊस मागे पडला, झाडी लागली, तसा क्वाकोला दम धरवेना. त्याने पेटीवर बोटाने दोनदा टकटक केली. आतून दोनदा टकटक आली.

त्याचा जीव भांड्यात पडला. मग काय, त्याच्या तोंडाला खळ उरला नाही. "काय नाटकी आहेस गं! मला वाटलं, आता किंचाळतेस." वरच्या गावात झोपडी कुठे बांधायची, ओटा केवढा करायचा, सगळं त्याने चालता चालता ठरवलं. "आणि ओट्यावर बसून दिवसभर मला शिव्या दे. ऐकायला मुकादम नाही तिथं." दम लागला की तो थांबायचा, टकटक करायचा. उत्तर यायचं. पुन्हा चालायला लागायचा. गुडघे दुखत होते, पण इतका आनंद त्याला कैक वर्षांत झाला नव्हता.

खिंडीत डोंगरातली माणसं वाट बघत उभी होती. पेटी खाली टेकली. क्वाकोने स्वतः झाकण काढलं.

"ऊठ गं म्हातारे. पोचलो."

फिबा उठली नाही.

"पुरे आता. मॅकफेल नाही इथं." त्याने तिच्या गालावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. गाल गार पडला होता.

खांदेकऱ्यांनी तिला अलगद उचलून गवतावर ठेवलं आणि फळी काढली. मिंबा डोळे चोळत बाहेर आली.

"आत्ता तर वाजवलं हिनं," क्वाको म्हणाला. "खालच्या ओढ्यापाशी. मी टकटक केली, हिनं उत्तर दिलं."

"ती मी, आबा," मिंबा म्हणाली. "आजीनंच सांगितलं होतं. म्हणाली, त्याला धीर निघायचा नाही, वाटेत वाजवेल. तू दोनदा वाजव, म्हणजे तो चालत राहील."